हरिप्रियेच्या दोन टोकांवरचं आकाश

कोल्हापूर आणि तिरुपती यांना जोडणाऱ्या गाडीचं नाव हरिप्रिया एक्स्प्रेस. बालाजीचं दर्शन झालं तरी कोल्हापूरच्या अंबाबाईपुढे हात जोडल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, अशी मराठी मुलखातली जुनी श्रद्धा. त्या श्रद्धेला शोभेल असंच गाडीचं नाव आहे. या गाडीतून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, की या दोन टोकांमध्ये आणखीही एक नातं आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात एक रडार आहे. तिकडे तिरुपतीहून चित्तूरच्या रस्त्याला गादंकी नावाचं गाव लागतं, तिथे दुसरं आहे. ही रडारं विमानं शोधत नाहीत, ढगही शोधत नाहीत. दोन्ही वारा मोजतात, आणि तो अशा उंचीवरचा, जिथे माणसाला स्वतः जाणं जवळपास अशक्य आहे.

हवामान खात्याचा फुगा तीस-पस्तीस किलोमीटरवर फुटतो. उपग्रह दोनशे किलोमीटरच्या खाली फार काळ टिकत नाही, हवेच्या घर्षणाने खाली येतो. मधल्या पट्ट्यात रॉकेट जातं, पण काही मिनिटांपुरतं. तिथल्या वाऱ्याची रोजची, तासातासाची नोंद हवी असेल तर जमिनीवर बसून वर हाक द्यायची आणि प्रतिध्वनी ऐकायचा, एवढाच मार्ग उरतो. विषुववृत्ताच्या आसपासच्या आकाशात हे काम कसं सुरू झालं, त्याची गोष्ट इंडोनेशियातल्या ज्वालामुखीपासून पेरूच्या वाळवंटापर्यंत पसरलेली आहे. त्यात मुंबईचा वाटाही मोठा आहे, आणि तो पुरेसा सांगितला गेलेला नाही.

आधी या वाऱ्यात शोधायचं काय, ते पाहायला हवं. वातावरण थराथरांचं असतं. खालचा जड थर कशाने तरी वर ढकलला गेला, की गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं. तो खाली येताना आपली जागा ओलांडून आणखी खाली जातो, मग भोवतालची हवा त्याला पुन्हा वर लोटते. असा हेलकावा सुरू झाला, की त्याची लाट पसरत जाते. तळ्यातल्या लाटेचं आणि हिचं तत्त्व एकच, फरक इतकाच, की ही लाट तिरकी वरही चढते. तिला गुरुत्व लहर म्हणतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्या गुरुत्वीय लहरींसाठी लायगो प्रकल्प उभा राहतो आहे, त्या वेगळ्या. त्या कृष्णविवरांच्या टकरीतून निघून अवकाशालाच कंप देतात. इथल्या लहरी हवेच्या आहेत, आणि त्या वळवाच्या ढगातूनही निघतात. उकाड्याने फुगलेला गडगडाटी ढग सोळा-सतरा किलोमीटरवरच्या स्थिर थराला खालून धडका देतो, डोंगरावरून वारा उसळतो, आणि लहरी वर निघतात. त्यांचा एक हेलकावा पाच-दहा मिनिटांपासून कित्येक तासांपर्यंत चालतो.

आसूड मुठीपाशी जाड असतो आणि टोकाला बारीक. मुठीला दिलेला लहानसा झटका टोकापर्यंत पोचताना इतका वेगवान होतो, की हवेत फटाका वाजतो. गुरुत्व लहरींचं तसंच आहे. नव्वद किलोमीटरवर हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा तीन लाखांहून अधिक पटींनी विरळ असते. वाटेत ऊर्जा गमावली नाही, तर तीच लहर तिथे पोचेपर्यंत पाचशे-सहाशे पटींनी मोठी होईल. प्रत्यक्षात ती त्याआधीच फुटते, समुद्राची लाट किनाऱ्यावर फुटावी तशी, आणि आपल्याजवळचा जोर तिथल्या वाऱ्याला देऊन टाकते. हा जोर क्षुल्लक नाही. ध्रुवप्रदेशाच्या माथ्यावर, ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवर, सर्वांत कडक थंडी ऐन उन्हाळ्यात पडते, तीही या लहरींनी वरच्या वाऱ्यांना दिलेल्या रेट्यामुळे.

वर वारा वाहतो हे लोकांना पहिल्यांदा दिसलं ते धुरामुळे. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख विषुववृत्तावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे निघाली. सुमारे तेरा दिवसांत तिने पृथ्वीला फेरा घातला. होनोलुलूतले पाद्री सेरेनो बिशप यांनी सूर्याभोवतीचं विचित्र तांबूस कडं पाहिलं आणि ठिकठिकाणच्या तारखा जुळवून हा धुराचा प्रवाह ओळखला. हिशेब साधा होता: वर ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा पूर्वेचा वारा वाहतो आहे. पुस्तकांत त्याला क्राकाटोआचे पूर्वेचे वारे असं नाव पडलं. मग १९०८ मध्ये जर्मन हवामानतज्ज्ञ आर्थर बर्सन यांनी पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराजवळून फुगे सोडले, तेव्हा जवळपास तशाच उंचीवर त्यांना नेमका उलटा, पश्चिमेचा वारा मिळाला. मग दोन्ही वारे एकावर एक वाहतात अशी चित्रं पाठ्यपुस्तकांत आली. अर्धशतक ती तशीच राहिली.

खरं उत्तर १९६०-६१ मध्ये मिळालं. अमेरिकेत रिचर्ड रीड आणि ब्रिटनमध्ये आर. ए. एब्डन यांनी प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या फुग्यांच्या नोंदी सलग मांडल्या. वारा एकच होता, पण तो दिशा बदलत होता. विषुववृत्तावर पंधरा ते पस्तीस किलोमीटरच्या पट्ट्यात सुमारे वर्षभर पूर्वेचा, मग वर्षभर पश्चिमेचा. सगळं चक्र सरासरी अठ्ठावीस महिन्यांचं. प्रत्येक नवा वारा आधी वर उगवतो आणि महिन्याला साधारण एक किलोमीटर या गतीने खाली सरकत येतो. क्राकाटोआच्या राखेला एक वारा भेटला होता आणि बर्सनच्या फुग्यांना दुसरा. दोघांच्याही नोंदी अचूक होत्या, तरी त्यावरून काढलेलं चित्र चुकलं, कारण मधली वर्षं कोणी मोजलीच नव्हती.

सलग मोजण्याची सवय मुंबईला त्याहून जुनी.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली. १८४१ पासून तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला सुरुवात झाली आणि १८४६ पासून त्या नोंदींत खंड नाही. चुंबकाची सुई दिवसभरात किंचित हलते, दुपारकडे एका बाजूला झुकते आणि रात्री स्थिरावते. कुलाब्याचे संचालक चार्ल्स चेंबर्स या हालचालीतला चंद्राचा वाटा शोधत होते. इकडे हे चाललेलं असताना १८८२ मध्ये स्कॉटिश पदार्थवैज्ञानिक बालफोर स्ट्युअर्ट यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातल्या एका लेखात धाडसी कल्पना मांडली: उंच आकाशातली हवा विजेची वाहक असावी, तिथे सूर्य-चंद्रामुळे हवेला भरती-ओहोटी येत असावी, आणि पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून ती हवा सरकली की डायनॅमोप्रमाणे वीज निर्माण होऊन खालची सुई हलत असावी. म्हणजे कुलाब्याच्या अंधाऱ्या खोलीतली ती सुई शंभर किलोमीटर उंचीवरचा वारा लिहून ठेवत होती. लिहिणाऱ्यांना मात्र ते ठाऊक नव्हतं.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतून वाहणारी वीज सुईला हैराण करणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी अलिबागला नवी जागा पाहिली, तिथे अचुंबकीय साहित्यातून इमारत उभारली आणि १९०४ मध्ये काम सुरू केलं. महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केलं असं त्यांनी केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्हींतला फरक काढला, आणि मगच कुलाब्याची सुई थांबवली. त्यामुळे १८४६ पासूनची मालिका आजही एकच मानता येते. मूस यांनी १९१० मध्ये साठ वर्षांचं ते सगळं काम दोन जाड खंडांत प्रसिद्ध केलं. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात दुहेरी नोंदींची ती दोन वर्षं सोन्याच्या मोलाची आहेत.

याच परंपरेतून १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. कोल्हापूरचं रडार तिचंच.

त्या रडारामागची युक्ती एका भारतीयाच्या नावावर आहे. एस. एन. मित्रा केंब्रिजला असताना १९४९ मध्ये त्यांनी आयनांबरातला, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित हवेतला, वारा रेडिओने मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. शेतकऱ्याला ती समजावून सांगायला लागणार नाही. माळावर ढगाची सावली सरकते. ती आधी एका शेतावर येते, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. तिन्ही शेतांवर तिघे घड्याळ घेऊन उभे राहिले, तर सावली कुठून कुठे आणि किती वेगाने गेली हे सहज काढता येईल. मित्रा यांनी वर रेडिओलहरी सोडल्या आणि परत येणारा प्रतिध्वनी त्रिकोणात मांडलेल्या तीन अँटेनांवर ऐकला. वरच्या विद्युतभारित हवेत जाड-विरळ ठिपके असतात. त्यांच्यामुळे प्रतिध्वनी जमिनीवर कमी-जास्त होत सरकतो, आणि तिन्हीकडच्या चढउतारांतल्या वेळेच्या फरकातून वारा निघतो. भारतात वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात बी. रामचंद्र राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पन्नाशीच्या दशकात याच धर्तीवर काम उभं केलं. कोल्हापूरचं रडार १९९९ मध्ये सुरू झालं तेव्हा संगणक आणि गणित पुष्कळ पुढे गेलेलं होतं, पण मूळ कल्पना तीन शेतांची आणि एका सावलीचीच. १.९८ मेगाहर्ट्झची, म्हणजे सुमारे दीडशे मीटर लांबीची लहर वर जाते आणि ऐंशी ते अठ्ठ्याण्णव किलोमीटरच्या पट्ट्यातला वारा सांगते. याच धाटणीचं तिचं मोठं भावंड तिरुनेलवेलीला १९९२ पासून आहे.

रडार येण्याआधी भारताने त्या उंचीचा वारा पाहिला तो एका रंगीत रेघेतून. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळच्या किनाऱ्यावर थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. नाइके-अपाचे जातीचं ते अमेरिकी रॉकेट आपल्या पोटातून सोडियमची वाफ सोडत गेलं. खाली अंधार पडलेला, वर अजून ऊन. त्या उन्हात सोडियम नारिंगी चमकला आणि आकाशात लांबच लांब रेघ उमटली. मग ती रेघ वाकडी होऊ लागली. एका उंचीवर डावीकडे, दुसरीवर उजवीकडे. निरनिराळ्या ठिकाणांहून काढलेल्या छायाचित्रांतून ते वळसे मोजले की वारा मिळतो. विक्रम साराभाईंनी थुंबा निवडलं तेच मुळी चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं म्हणून. तिथे पृथ्वीची चुंबकरेषा आडवी होते आणि वरच्या हवेतून दिवसा विजेचा एक तीव्र पट्टा वाहतो. १९७० नंतर रशियाच्या एम-१०० रॉकेटांची थुंब्याला वारी सुरू झाली, दर आठवड्याला एक. त्यांनी सत्तर-ऐंशी किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्याचं ऋतुमान दाखवलं. पण ज्या लहरीचा हेलकावा तासाभरात पुरा होतो, तिला आठवड्यातून एकदा पाहून काय कळणार?

तोपर्यंत लहरींचं शास्त्र उभं राहिलं होतं. लिलर आणि व्हिपल यांनी १९५४ मध्ये उल्कांच्या मागे राहणाऱ्या चमकत्या रेघांची छायाचित्रं घेऊन त्या कशा नागमोडी होतात हे दाखवलं होतं. कॅनडातले कॉलिन हाइन्स यांनी १९६० मध्ये एक दीर्घ निबंध लिहून सांगितलं, की हे नागमोडी वळण म्हणजे खालून चढत आलेल्या गुरुत्व लहरी आहेत. पहिल्यांदा पुष्कळांना हे पटलं नाही. खालच्या हवेतली धुसफुस शंभर किलोमीटरपर्यंत पोचते हे मानायला मन धजत नव्हतं. १९६८ मध्ये रिचर्ड लिंडझेन आणि जेम्स होल्टन यांनी त्या अठ्ठावीस महिन्यांच्या चक्रामागेही वर चढणाऱ्या लहरीच आहेत असं गणित मांडलं. आता कोणीतरी त्या लहरी, रोज, खालपासून वरपर्यंत, मोजून दाखवायला हव्या होत्या.

ते घडलं पेरूत.

लिमाजवळच्या कोरड्या, उघड्या डोंगरांच्या कुशीत हिकामार्का नावाची जागा आहे. चहूबाजूंचे डोंगर शहरातला रेडिओगोंगाट अडवतात आणि चुंबकीय विषुववृत्त जवळून जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक ब्युरोतले केनेथ बोल्स यांनी १९६०-६१ मध्ये तिथे वीस-एकवीस एकरांवर १८,४३२ द्विध्रुवांची अँटेना पसरली. उद्देश होता शेकडो किलोमीटरवरच्या इलेक्ट्रॉनांकडून येणारा अतिशय क्षीण प्रतिध्वनी ऐकायचा. तो ऐकायचा तर जवळून येणारे इतर आवाज नकोसेच. आणि असे आवाज येत होते. दहा-वीस किलोमीटरवरून, साठ-सत्तर किलोमीटरवरून, जिथून काही यावं अशी अपेक्षा नव्हती तिथून.

१९६९ मध्ये अमेरिकेने ही वेधशाळा पेरूच्या भूभौतिक संस्थेला देऊन टाकली. रोनाल्ड वुडमन आणि अल्बेर्तो गियेन हे तिथले शास्त्रज्ञ. त्यांनी त्या नकोशा आवाजाकडे कान वळवले. निरभ्र हवेतही लहानमोठे भोवरे असतात, आणि त्यांतले तीन मीटरच्या मापाचे भोवरे सहा मीटरची रेडिओलहर परतवतात. भोवरा वाऱ्याबरोबर वाहतो, म्हणून परतणाऱ्या लहरीची वारंवारिता किंचित बदलते. किती किंचित, ते पाहण्यासारखं आहे. भोवरा सेकंदाला दहा मीटर वेगाने रडारकडे येत असेल, तर सेकंदाला पाच कोटी कंपनांत फरक पडतो साधारण तीन कंपनांचा. आणि लहरीमुळे हवा वर-खाली होते ती तर सेकंदाला काही सेंटिमीटरांनी. हा फरक पकडायला दोघांनी एकामागून एक येणारे प्रतिध्वनी संगणकात साठवले आणि जुळवून बेरीज केली. हवेचा खरा सूर बेरजेत वाढत जातो, गोंगाट आपसांत कटतो. १९७४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दहा ते पस्तीस आणि पंचावन्न ते पंच्याऐंशी किलोमीटर, या दोन पट्ट्यांतला वारा त्यांनी मिनिटामिनिटाच्या अंतराने मोजला होता, आणि त्या आकड्यांत गुरुत्व लहरींचे हेलकावे सरळ दिसत होते. जगातली अशा धर्तीची सगळी रडारं या एका निबंधाची लेकरं आहेत. एका दरिद्री म्हणवल्या जाणाऱ्या देशातल्या दोघांनी, दुसऱ्याने दान केलेल्या यंत्रावर, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या आवाजातून हे काढलं. त्यांची नावं शाळकरी पुस्तकांत यायला हवीत.

भारतात १९८२ मध्ये मध्यवातावरण कार्यक्रम सुरू झाला. रॉकेटं, फुगे, जमिनीवरची उपकरणं असं पुष्कळ काही त्यात होतं, पण मध्यवर्ती स्वप्न स्वतःच्या अशा रडाराचं होतं. केंद्राची अनेक खाती एकत्र आली, अंतराळ विभागाने पुढाकार घेतला. रडार बांधायचं कोणी? ते काम मुंबईकडे आलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये मायक्रोवेव्ह उपकरणांचा एक विशेष विभाग निघाला होता. १९८४ मध्ये त्यातून एक स्वतंत्र संस्था झाली आणि पुढे पवईला आयआयटीच्या आवारात गेली. तिचं नाव सोसायटी फॉर अप्लाइड मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग अँड रिसर्च. आद्याक्षरं जुळवली की होतं समीर. समीर म्हणजे वारा. देशाचं वारा मोजणारं सर्वांत मोठं यंत्र बांधण्याचं काम या नावाच्या संस्थेकडे यावं, याहून सुरेख योग जुळवू म्हटलं तरी जुळला नसता.

गादंकीच्या शेतशिवारात चार एकरांहून थोड्या जास्त जागेवर, १३० मीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनात, बत्तीस ओळी आणि बत्तीस रांगा करून १,०२४ ठिकाणी अँटेनांच्या जोड्या रोवल्या गेल्या. एकेकाळी गच्चीगच्चीवर दूरदर्शनच्या ज्या काड्याकाड्यांच्या अँटेना दिसत, त्याच यागी जातीच्या, फक्त आभाळाकडे तोंड करून उभ्या. त्यांना ५३ मेगाहर्ट्झची शक्ती पुरवायला बत्तीस प्रक्षेपक, लहानात लहान पंधरा किलोवॉटचा आणि मोठ्यात मोठा १२० किलोवॉटचा. सगळे मिळून क्षणभरापुरते अडीच मेगावॉट. सारखे बत्तीस का नाही केले? कारण मधल्या ओळींना जास्त आणि कडेच्या ओळींना कमी शक्ती दिली, की झोत स्वच्छ राहतो, आजूबाजूला फाकत नाही, आणि शेजारच्या डोंगरांचे प्रतिध्वनी वाऱ्यात मिसळत नाहीत. ही आखणी समीरच्या अभियंत्यांची. १९९५ मध्ये या रडाराचं सविस्तर वर्णन ‘रेडिओ सायन्स’ नियतकालिकात आलं, त्याच्या लेखकांत पी. बी. राव, ए. आर. जैन यांच्याबरोबर समीरचे एस. एच. दामले यांचंही नाव आहे. रडार १९९२ मध्ये आधी खालच्या थरांसाठी चालू झालं, मग पूर्ण क्षमतेने, आणि पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांच्या हस्ते देशातल्या संशोधकांना खुलं करण्यात आलं. २००५ पासून तिथलं केंद्र राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा म्हणून ओळखलं जातं.

झोत सरळ वर, मग दहा अंश कलून पूर्वेला, पश्चिमेला, उत्तरेला, दक्षिणेला. अँटेना जागची हलत नाही. प्रत्येक ओळीला पोचणाऱ्या लहरीची वेळ मागेपुढे केली की झोत कलतो. दीडशे-दीडशे मीटरच्या थरांचा वारा निघतो. पावसाळ्यात सोळा किलोमीटरच्या आसपास सेकंदाला चाळीस मीटरहून वेगाने वाहणारा पूर्वेचा झंझावात या नोंदींत दरवर्षी उमटतो. पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये हा झंझावात मान्सूनच्या कहाणीत आणला, तेव्हा त्यांच्या हाती फुग्यांचे दिवसाकाठचे मोजके आकडे होते. गादंकीला तोच झंझावात मिनिटामिनिटाने दिसतो, त्याच्या काठाशी उठणाऱ्या लहरींसकट. गडगडाटी ढग माथ्यावर आला की त्यातली हवा किती वेगाने वर जाते, तो विरल्यावर वरच्या स्थिर थरात किती वेळ हेलकावे चालतात, हेही पहिल्यांदाच सविस्तर मोजता आलं. आपल्याकडच्या उष्ण कटिबंधात लहरींचा मुख्य कारखाना हा ढगच आहे.

शेजारी इंडोनेशियात जपानच्या क्योटो विद्यापीठाने २००१ मध्ये सुमात्राच्या कोटोटाबांग इथे असंच रडार उभारलं, जवळजवळ नेमकं विषुववृत्तावर. क्राकाटोआ ज्या सामुद्रधुनीत फुटला ती त्याच बेटाच्या दक्षिण टोकाला आहे.

या उंच वाऱ्यांचा खालच्या माणसाशी काय संबंध, याचं एक उत्तर पुण्याने दिलं होतं. वसंत गोवारीकर यांनी सहकाऱ्यांसह मान्सूनच्या अंदाजासाठी सोळा घटकांचं प्रारूप बसवलं आणि १९८८ पासून हवामान खात्याने ते वापरलं. त्या सोळांत हिमालयावरचा बर्फ होता, अल निनो होता, अर्जेंटिनातला वायुभार होता, आणि दहा हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचा, म्हणजे सुमारे एकतीस किलोमीटर उंचीवरचा, पश्चिमेचा वाराही होता. गोवारीकर थुंब्याच्या केंद्राचे संचालक राहिलेले. वरच्या वाऱ्याला ते विसरणं शक्यच नव्हतं. २००२ च्या दुष्काळाने ते प्रारूप मागे पडलं. त्या वाऱ्याचा आणि पावसाचा नेमका धागा कसा विणलेला आहे, याचा शोध अजून चालू आहे.

अठ्ठावीस महिन्यांच्या चक्राने २०१६ च्या फेब्रुवारीत सगळ्यांना चकवलं. पश्चिमेचा वारा नेहमीच्या चालीने खाली सरकत असताना त्याच्या मधोमध पूर्वेचा वारा उगवला. १९५३ पासूनच्या अखंड नोंदीत असं कधी झालं नव्हतं. २०१९-२० मध्ये पुन्हा झालं. दोन्ही वेळा बोट दाखवलं गेलं ते लहरींकडे. साठ वर्षांहून जास्त काळ न चुकलेली गोष्ट चार वर्षांत दोनदा चुकली हे कळलं, ते कोणीतरी कंटाळा न करता रोज फुगे सोडत राहिलं म्हणूनच. कोल्हापूर आणि तिरुनेलवेलीच्या रडारांचं मोलही इथे आहे. ती गादंकीपुढे लहान आहेत, एका लहरीचा चेहरा ती इतका रेखीव काढू शकत नाहीत. पण अकरा वर्षांचं सौरचक्र, काही वर्षांनी येणारा अल निनो, सहा-सहा महिन्यांत दिशाबदलाचं चक्र पुरं करणारे ऐंशी किलोमीटरवरचे वारे हे सगळं टिपायला लांब नोंदच लागते. अशा रडारांना खर्च थोडा आणि कौतुक त्याहून थोडं. एखाद्या वर्षी सुटा भाग मिळाला नाही म्हणून नोंद तुटली, तर ते वर्ष पुढे कितीही पैसा ओतून परत मिळत नाही. मूस यांनी ट्रामच्या आधी दोन वर्षं केलेली तजवीज म्हणूनच पुन्हापुन्हा आठवते.

गादंकीचं रडार आता पालटलं आहे. बत्तीस मोठ्या प्रक्षेपकांच्या जागी प्रत्येक अँटेनेला स्वतःचा एक किलोवॉटचा लहान प्रक्षेपक मिळाला, एकूण १,०२४. झोत हव्या त्या दिशेला झटकन वळतो. तरी काही मर्यादा यंत्राच्या नाहीत, आकाशाच्याच आहेत. पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर भोवरे इतके विरळ होतात, की प्रतिध्वनी येत नाही. पासष्ट ते पंच्याऐंशीमध्ये तो पुन्हा येतो, पण त्याला वरच्या हवेत इलेक्ट्रॉन लागतात आणि तिथले इलेक्ट्रॉन सूर्यप्रकाशाने सुटतात, म्हणून फक्त दिवसा. रात्रीसाठी गादंकीला १९९८ मध्ये जपानच्या सहकार्याने लिडार बसवलं गेलं. ते लेसरचा हिरवा किरण वर सोडतं आणि तीस ते ऐंशी किलोमीटरमधल्या तापमानावरून लहरी टिपतं. त्याला निरभ्र आकाश हवं. जून ते सप्टेंबर, जेव्हा ढग रात्रभर वरच्या थरावर धडका देत असतात, तेव्हा नेमकं ते झाकून ठेवावं लागतं. अशा रात्री खालच्या वीस किलोमीटरांवर गादंकीचं रडार जागं असतं, आणि पार वर, ऐंशीच्या पुढे, विजांच्या कडकडाटातून वाट काढत कोल्हापूरचं.